होडीची पट्टी वाकवताना

(विष्णुपुरी येथील प्रौढ वर्गात केलेले भाषण)



आजचा विषय हातकामाचा आहे. लहान होडी बांधताना लाकडाच्या पट्ट्या वाकवायच्या कशा आणि त्या सांगाड्याला जोडायच्या कशा, हे आपण पाहणार आहोत. इथे बसलेल्यांत कोणी सुतारकाम करतात, कोणी मासे धरतात, कोणी शेती करतात. या विषयात सगळ्यांनाच घेण्याजोगे काही आहे. कारण आपण पाण्याच्या काठी राहणारी माणसे आहोत.

विष्णुपुरी म्हटले की गोदावरी आलीच. जवळच असर्जनपाशी नदीवर बंधारा आहे. त्या कामाला डॉ. शंकरराव चव्हाण विष्णुपुरी प्रकल्प म्हणतात, आणि अडवलेल्या पाण्याला शंकरसागर. या पाण्यावर शेते भिजतात. नांदेड शहराला पिण्याचे पाणी मिळते. पाणी ही लक्ष्मी आहे. पण जिथे जिथे धरण होते, तिथे तिथे पाण्याचा फुगवटा मागे पसरतो. काल ज्या ओढ्यातून पायी जाता येत होते, तिथे आज पुरुषभर पाणी असते. शेत पलीकडे, घर अलीकडे. मग जायचे कसे?

याच गोदावरीवर आपल्या वरच्या अंगाला जायकवाडीचे धरण आहे. त्याच्या फुगवट्याकाठी, गंगापूर तालुक्यात, भिव धानोरा नावाचे गाव आहे. २०२३ साली तिथली मुले थर्मोकोलच्या तुकड्यावर बसून शाळेला जात होती. वर्तमानपत्रांत बातमी आली. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तिची दखल घेतली. गूळ करायच्या काहिलीत बसून नदी ओलांडणारी माणसेही आपण पाहिली-ऐकली आहेत.

थर्मोकोल बुडत नाही, हे खरे. पण तो उलटतो. काहील तरंगते, पण ती गरगर फिरते. तिला पुढचे नाही, मागचे नाही. होडीचे तसे नसते. होडीला पुढे निमुळते टोक असते. कोकणात त्याला नाळ म्हणतात. नाळ पाणी कापते. दोन्ही अंगे फुगीर असतात, म्हणून होडी वजन पेलते. हा सगळा आकार येतो कशातून? वाकवलेल्या लाकडातून. म्हणून पट्टी नीट वाकवणे आणि नीट जोडणे, यावर होडीत बसणाऱ्याचा जीव अवलंबून असतो.

आपल्याकडे म्हण आहे, 'मोडेन पण वाकणार नाही.' माणसाने असे म्हटले तर ते शोभते. पण होडीच्या पट्टीने तसे म्हटले, तर आपण बुडालोच म्हणायचे!

आता पाहू, लाकूड वाकते कसे.

कडब्याची पेंढी डोळ्यांसमोर आणा. शेकडो ताटे एकमेकांना लागून उभी असतात. लाकडाच्या आतही तसेच आहे. बारीक बारीक लांब तंतू शेजारी शेजारी असतात. त्यांना धरून ठेवणारा एक चिकट पदार्थ लाकडात असतो. शास्त्रज्ञ त्याला लिग्निन म्हणतात. हा पदार्थ गुळासारखा वागतो, बरं का. गूळ थंड असला की कडक. गरम केला की मऊ. पुन्हा निवला की पुन्हा कडक, आणि ज्या भांड्यात निवला त्याचा आकार घेतो. लाकूड ओलसर असेल आणि त्याला उकळत्या पाण्याइतकी उष्णता दिली, तर आतला चिकट पदार्थ मऊ होतो. तंतू एकमेकांवरून सरकू शकतात. त्या वेळी पट्टी वाकवली आणि तशीच निवू दिली, की वाक कायम राहतो.

दुसरी एक गोष्ट ध्यानात ठेवा. पट्टी वाकते तेव्हा तिची बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली बाजू दाबली जाते. गरम झालेले चांगले लाकूड दबायला मोठे तयार असते. १०० भागांत २५ ते ३० भागांपर्यंत ते दबू शकते. पण ताणायला ते फार नाखूश असते. १०० भागांत १-२ भाग ताणले, की तुटले. म्हणून पट्टी मोडते ती नेहमी बाहेरच्या अंगाने मोडते. तिथे आधी बारीक चोई उठते, मग चीर जाते.

यावर उपाय सापडला तो युरोपात. मिखाएल थोनेट नावाचा कारागीर होता. वाकवायच्या लाकडाच्या बाहेरच्या अंगाला तो लोखंडाची पातळ पट्टी घट्ट बसवत असे. मग लाकडाला ताणायला जागाच उरत नसे. ते मुकाट्याने आतल्या बाजूला दबे. अशा रीतीने १८५९ साली त्याच्या कारखान्यातून एक खुर्ची बाहेर पडली. मुंबई-पुण्याच्या इराणी हॉटेलांत गोल पाठीच्या, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या असत, त्या याच घराण्यातल्या. वाक मोठा असेल तर आपणही ही युक्ती करावी. दीड इंच रुंदीची पत्र्याची पट्टी पुरते.

आता लाकूड निवडायचे. लाकूड वाकवण्यातले अर्धे काम निवडीतच होते.

आपल्या नांदेड जिल्ह्यात किनवट-माहूरकडे सागाचे जंगल आहे. साग पाण्यात टिकतो, त्याला कीड सहजी लागत नाही. होडीला तो उत्तम. पण फार आखूड वळणाला साग कुरकुरतो. त्याला बेताचा वाक द्यावा. बाभूळ चिवट, पण जड. हॉकीची काठी खाली वळलेली असते ना? ती आपल्या देशात तुतीच्या लाकडाची करीत. तुती चांगली वाकते. पण तुतीच्या लांब पट्ट्या मिळत नाहीत.

लाकूड कोणतेही घ्या, तीन गोष्टी पाहा. पहिली, रेषा सरळ हवी. पट्टी हातात धरून कडेने बघा. रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली पाहिजे. ती मध्येच कडेला बाहेर पडत असेल, तर वाकवताना नेमकी तिथेच चोई उठेल. दुसरी, गाठ नको. मुगाएवढी गाठही वाकाच्या जागी नको. तिसरी, लाकूड फार वाळलेले नको. भट्टीत वाळवलेले लाकूड वाकायला हट्टी असते. सावलीत, वाऱ्यावर थोडे सुकलेले, आत ओल धरून असलेले लाकूड चांगले.

जाडी किती ठेवावी? इथे एक हिशेब आहे. पट्टीची जाडी निम्मी केली, तर वाकवायला लागणारा जोर निम्मा होईल असे आपल्याला वाटते. पण तसे होत नाही. तो आठवा हिस्सा होतो! म्हणून जिथे वाक मोठा आहे, तिथे ४ सुताची एक पट्टी वाकवण्यापेक्षा २ सुताच्या दोन पट्ट्या एकीवर एक वाकवाव्या. काम हलके होते, लाकूड वाचते.

आता वाफेची पेटी.

साध्या फळ्यांची लांब पेटी करा. पट्टी ८ फुटांची असेल तर पेटी ९ फुटांची. आतून ६ इंच रुंद आणि ६ इंच उंच असली म्हणजे पुरे. आत आडव्या काड्या बसवा. पट्ट्या त्या काड्यांवर ठेवायच्या, म्हणजे वाफ चारी बाजूंनी लागते. चुलीवर झाकणाचा डबा ठेवा. त्यात पाणी. डब्यातून जाड नळी काढून पेटीत सोडा. पेटीच्या तोंडाला गोणपाट लावा.

आणि एक सांगतो, ते विसरू नका. पेटी किंवा डबा कधीही घट्ट बंद करू नका. वाफेला बाहेर जायला वाट हवीच. पेटीला खालच्या बाजूने भोक ठेवा. कोंडलेली वाफ डबा फोडते, आणि माणूस भाजतो. हातात जाड मोजे घाला. मुलांना जवळ येऊ देऊ नका. डब्यातले पाणी संपू देऊ नका. वरून घालायचे पाणीही उकळतेच घाला. गार घातले तर वाफ बंद पडते.

किती वेळ वाफ द्यायची? जुना अंदाज असा की १ इंच जाडीला १ तास. आता हिशेब आपणच करू. १ इंच म्हणजे ८ सूत. मग ४ सूत जाडीला अर्धा तास. २ सूत जाडीला पाव तास. वेळ मोजायचा तो पेटीत भरपूर वाफ झाल्यापासून, चूल पेटवल्यापासून नव्हे. जास्त वेळ ठेवले तर जास्त मऊ होईल असेही समजू नका. फार शिजले की लाकडाचा जीव जातो. ते ठिसूळ होते.

पेटी नसेल तर? पातळ पट्टीला चिंध्या गुंडाळा आणि वरून उकळते पाणी पुन्हा पुन्हा ओता. २ सुताची पट्टी त्यानेही वाकते. टोपल्या, सुपे करणारे कारागीर बांबूची जाड कामटी जाळावर शेकून वळवतात, ते आपण पाहिले आहे. तिथेही तत्त्व तेच. आतली ओल आणि बाहेरची उष्णता. तुंगभद्रेवर, हंपीला, टोपलीसारखी गोल नाव असते. कानडीत तिला हरिगोलु म्हणतात. ती सगळी वाकवलेल्या बांबूच्या कामट्यांची असते. पूर्वी तिला वरून कातडे लावीत.

ही विद्या आपल्या देशात जुनी आहे. अजिंठ्याची लेणी आपल्या मराठवाड्यातली. तिथे भिंतीवर एका जहाजाचे चित्र आहे, पाचव्या शतकातले. त्या चित्रावरून आपल्या नौदलासाठी एक जहाज गोव्यात बांधले. केरळचे कारागीर त्यासाठी आले होते. त्यांनी फळ्या वाफेवर वाकवल्या आणि काथ्याच्या दोरीने एकमेकींना शिवल्या. फळ्या जोडायला खिळे मारले नाहीत. सांधे राळ, कापूस आणि तेल यांनी भरले. २०२५ साली मे महिन्यात कारवारला ते जहाज नौदलात दाखल झाले. त्याचे नाव 'कौंडिण्य'. अजिंठ्याच्या भिंतीवरचे जहाज दीड हजार वर्षांनी पाण्यात उतरले! तेव्हा वाफेची पेटी ही काही परक्याची गोष्ट नव्हे.

आता प्रत्यक्ष वाकवणे.

त्याआधी साचा तयार हवा. जाड फळीवर हवा तो वाक खडूने काढा आणि त्या रेषेवर लाकडी ठोकळे घट्ट बसवा. वाक थोडा जास्तच काढा. कारण पट्टी सोडली की ती जराशी मागे येते. शिकंजे उघडून हाताशी ठेवा. कोणी काय धरायचे ते आधी ठरवा. पट्टी बाहेर काढल्यावर 'शिकंजा कुठाय, हातोडी कुठाय' असे करायला वेळ नसतो. पातळ पट्टी मिनिटभरात निवते. निवलेल्या पट्टीवर जोर केला की ती मोडते.

पट्टी काढा. एक टोक साच्याला पकडा. मग दुसरे टोक सावकाश, पण न थांबता ओढत आणा. झटका देऊ नका. जसजशी ती ठोकळ्याला टेकेल, तसतसा शिकंजा लावत जा. शिकंज्याखाली लाकडाचा तुकडा ठेवा, म्हणजे पट्टीवर खड्डा पडत नाही. कुठे अडली तर जबरदस्ती करू नका. पुन्हा पेटीत घाला. दोन मिनिटांच्या घाईने दोन दिवसांचे काम फुकट जाते.

साच्यावर पट्टी निदान एक दिवस राहू द्या. ती पूर्ण निवली पाहिजे, वरची ओल सुकली पाहिजे. आणि हो, वाकवण्याच्या आधी पट्टीला भोक पाडू नका. भोकाच्या जागी पट्टी कच्ची होते आणि तिथेच मोडते. भोके नंतर.

इथे तुमच्या पाटी-पेन्सिलीचा उपयोग आहे. साच्यावरून काढलेल्या प्रत्येक पट्टीवर क्रमांक घाला. डाव्या अंगाची असेल तर 'डा १', 'डा २'. उजव्या अंगाची असेल तर 'उ १', 'उ २'. पुढच्या टोकाला बाण काढा. वहीत लिहून ठेवा : लाकूड कोणते, जाडी किती सूत, वाफ किती मिनिटे, पट्टी टिकली की मोडली. पाच पट्ट्या झाल्या की तुमची वहीच तुमचा उस्ताद होईल. ज्याला लिहिता येते, त्याला एकच अनुभव दोनदा विकत घ्यावा लागत नाही.

आता जोडणी.

होडीच्या बुडाला मधोमध लांब तुळई असते. तो तिचा कणा. कण्याला दोन्हीकडे फासळ्या. फासळ्यांवर बाहेरून पट्ट्या. पट्ट्या लावण्याआधी एक पातळ, सरळ रीप घ्या आणि ती फासळ्यांवर आडवी टेकवा. रीप प्रत्येक फासळीला लागली पाहिजे. एखादी फासळी पुढे येत असेल तर ती रंध्याने घासा. एखादी मागे राहत असेल तर तिला लाकडाची चकती द्या. हे न करता पट्टी खिळ्याने ओढून बसवली, तर तो ताण कायम राहतो. आज दिसत नाही. सहा महिन्यांनी भर पाण्यात खिळा सुटतो.

पट्टी आधी मधल्या फासळीला धरा. मग एकदा पुढे, एकदा मागे, असे टोकांकडे सरका. एक पट्टी डावीकडे लावली, की पुढची उजवीकडे. एकाच अंगाला चार-चार पट्ट्या लावल्या तर सांगाडा तिकडे ओढला जातो आणि होडी वाकडी होते. अशी होडी वल्हवणाऱ्याला जन्मभर एका बाजूला ओढते. नाळेजवळ पट्टी वळते आणि तिला पीळही पडतो. तेवढे टोक पुन्हा गरम करून बसवा. टोके जरा लांबच ठेवा. शेवटी कापता येतात. आखूड पडलेली पट्टी मात्र वाढवता येत नाही. दोन पट्ट्यांचा सांधा करावाच लागला, तर तो तिरका करा. सगळे सांधे एकाच फासळीवर येऊ देऊ नका. नाहीतर होडी तिथून दुभंगेल.

खिळा मारण्याआधी गिरमिटाने भोक पाडा. भोक खिळ्यापेक्षा किंचित बारीक हवे. सरळ खिळा ठोकला तर लाकूड फाटते. एकाच रेषेवर ओळीने खिळे मारू नका. एक वर, एक खाली असे मारा. टोकापासून दीड इंच तरी आत राहा.

खिळे तांब्याचे उत्तम. खिळा बाहेरून आत आणायचा. आतल्या बाजूने तांब्याची चकती घालायची. जास्तीचे टोक कापायचे आणि उरलेले हातोडीने चकतीवर पसरवायचे. त्या वेळी दुसऱ्याने बाहेरून खिळ्याच्या डोक्यावर जड लोखंड धरायचे. तांबे परवडत नसेल तर जस्ताचा मुलामा दिलेले खिळे वापरा. साधा लोखंडी खिळा वापरू नका. तो गंजतो, गंजताना फुगतो आणि लाकूड फोडतो. तांबे आणि लोखंड शेजारी शेजारीही नको. पाण्यात ती जोडी जमली की लोखंड लवकर खलास होते.

सांध्यांत कापसाची वात भरा. वर राळ आणि तेल. पण वात ठासून ठासून भरू नका. लाकूड पाण्यात फुगते. आत जागा नसेल तर ते खिळे उपटते. रंग किंवा सरस लावायचा असेल तर लाकूड पूर्ण कोरडे होऊ द्या.

होडी तयार झाली, की लगेच माणसे बसवू नका. काठाशी, गुडघाभर पाण्यात बांधून ठेवा. पहिल्या दिवशी थोडे पाणी आत येईल. घाबरू नका. लाकूड फुगते आणि सांधे आवळतात. दोन दिवसांनीही पाणी येत असेल, तर त्या जागी खूण करा, होडी वर ओढा, दुरुस्त करा. मग वाळूची पोती ठेवून पाहा. मग माणसे. माणसांच्या अंगावर तरंगते जाकीट हवेच. आणि बंधाऱ्याची दारे उघडतात त्या दिवसांत, होडी कितीही चांगली असो, नदीत घालू नये.

शेवटी एकच गोष्ट सांगतो. काम करताना एखाद्या पट्टीला केसाएवढी चीर जाईल. पट्टीसाठी पैसे गेलेले असतात, दिवस गेलेला असतो. मनात येईल, थोडे डांबर फासले की कोणाला दिसणार? खरे आहे, कोणालाही दिसणार नाही. होडीत बसणाऱ्या मावशीला लाकडातले काही कळत नाही. शाळेत निघालेल्या पोराला तर मुळीच नाही. ती माणसे तुमच्या हातावर भरवसा ठेवून पाय आत टाकतात. म्हणून चीर गेलेली पट्टी बाजूला काढा. तिच्या खुंट्या करा, चकत्या करा, नाहीतर चुलीत घाला. पण होडीला लावू नका.

उद्या वर्गाला येताना प्रत्येकाने हातभर लांबीची एक पट्टी आणा. रेषा सरळ, गाठ नाही, अशी पाहून आणा. जाडी मोजा आणि तिला किती मिनिटे वाफ लागेल तो हिशेब पाटीवर लिहून ठेवा. चूल मी पेटवून ठेवतो.

राम राम.